करंगळीनंतरचे बोट

संस्कृत सुभाषितकाराने कवींच्या गणनेची एक गोष्ट सांगून ठेवली आहे. फार पूर्वी कवी मोजायला घेतले तेव्हा करंगळीवर कालिदासाचे नाव आले. त्याच्या तोडीचा दुसरा कोणी आजतागायत न सापडल्यामुळे पुढचे बोट रिकामेच राहिले आणि ‘अनामिका’ हे त्या बोटाचे नाव सार्थ ठरले. कालिदासाच्या थोरवीचा दाखला म्हणून हे सुभाषित पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. ही गणना कोणी केली, त्याच्यासमोर कोणत्या पोथ्या होत्या आणि कोणत्या वाळवीने आधीच खाल्ल्या होत्या, हे मात्र सहसा विचारले जात नाही.

आजवरचा सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्धा कोण, हा वाद ह्याच जातीचा आहे. अमेरिकेतील व्यायामशाळा, वृत्तपत्रांची क्रीडापृष्ठे, मुष्टियुद्धाला वाहिलेली नियतकालिके आणि चरित्रग्रंथ ह्यांतून तो शंभराहून अधिक वर्षे चालू आहे आणि मिटण्याची चिन्हे नाहीत. साहित्याच्या अभ्यासकाने त्यात डोकावण्याला एक वरवरचे निमित्त आहेच. इंग्रजी गद्याला ह्या खेळाचे जुने वेड आहे. पिअर्स ईगनचे ‘बॉक्सिआना’ १८१२ पासून प्रसिद्ध होऊ लागले, हॅझलिटचा ‘द फाइट’ हा निबंध १८२२ चा, ए. जे. लीब्लिंगचे ‘द स्वीट सायन्स’ १९५६ चे, नॉर्मन मेलरचे ‘द फाइट’ १९७५ चे आणि जॉइस कॅरोल ओट्सचे ‘ऑन बॉक्सिंग’ १९८७ चे. परंतु खरे कारण ह्याहून निकडीचे आहे. श्रेष्ठत्वाचा निवाडा करताना समीक्षेची जी अडचण होते ती साहित्यात सौजन्याच्या आणि परिभाषेच्या आड लपून राहते. मुष्टियुद्धाच्या वादात ती उघडीवाघडी दिसते.

ती दिसते, कारण येथे दर रात्री एक निकाल लागतो. पंच कोणाचा तरी हात वर करतो. कादंबरीला असा हात वर करणारा पंच नसतो, म्हणून साहित्यातील मतभेद अटळ आहेत, असे आपण स्वतःला समजावीत असतो. मुष्टियुद्धात पंच आहे, फेऱ्यांचे गुणपत्रक आहे, जय-पराजयाची नोंदवही आहे; आणि तरीही वाद तसाच आहे. दोन भिन्न काळांतील योद्धे एकमेकांसमोर येत नाहीत, भिन्न वजनगटांतील योद्धे सहसा येत नाहीत. ह्यावर तोड म्हणून ‘पाउंड फॉर पाउंड’ ही शब्दयोजना रूढ झाली. वजनातील फरक मनातल्या मनात वजा करून कोण सरस ठरेल ते सांगायचे, असा तिचा अर्थ. ही शब्दयोजना जुनी असली तरी शुगर रे रॉबिन्सनच्या नावाशी ती कायमची निगडित झाली आहे. वास्तवाची भाषा बोलणाऱ्या ह्या खेळाचा सर्वोच्च निवाडा असा पूर्णतः एका ‘जर’वर उभा असावा, ही गोष्ट मोठी बोलकी आहे.

डब्ल्यू. बी. गॅली ह्या तत्त्वज्ञाने १९५६ मध्ये स्वरूपतःच विवाद्य असणाऱ्या संकल्पनांची जी मांडणी केली, तिची सुरुवात त्याने एका काल्पनिक खेळाने केली आहे. ह्या खेळात अंतिम सामना नाही आणि गुणांच्या बेरजेवर विजेतेपद ठरत नाही. जो संघ तो खेळ सर्वांत चांगल्या रीतीने खेळतो तो विजेता. कोणी गतीवर भर देतो, कोणी बळावर, कोणी शैलीवर, आणि प्रत्येकाचे पाठीराखे आपल्याच संघाला खरा विजेता मानतात. गॅलीचे म्हणणे असे, की हा गोंधळ नव्हे. अशा संकल्पनांचा योग्य वापरच वादातून होतो. पुढे त्याने कला, लोकशाही, सामाजिक न्याय ह्या संकल्पनांकडे मोर्चा वळविला. हे विवेचन वाचताना मुष्टियुद्ध आठवल्यावाचून राहत नाही. मात्र गॅलीच्या खेळात सर्व संघ मैदानावर हजर आहेत आणि प्रेक्षकांनी त्या सर्वांना पाहिले आहे. प्रत्यक्ष इतिहासात तसे नसते. अडचण तेथून सुरू होते.

मराठी समीक्षेला ‘महात्मता’ हा शब्द मर्ढेकरांनी १९४१ च्या आपल्या पुस्तकाच्या नावातूनच दिला. साहित्यकृती चांगली असणे आणि ती थोर असणे ह्या दोहोंचे निकष एक की वेगळे, हा प्रश्न तेव्हापासून मराठीत घोळत आहे. एलियटने १९३५ मध्ये त्याचे एक उत्तर दिले होते आणि ते आपल्याकडे वारंवार उद्धृत होते. लेखन हे साहित्य आहे की नाही, एवढे ठरवायला वाङ्मयीन कसोट्या पुरतात. त्याची थोरवी ठरवायला त्या अपुऱ्या पडतात, असा त्याचा आशय. मुष्टियुद्धाच्या वादात हे द्वैत दोन माणसांच्या रूपाने समोर उभे राहते. १९९९ साली विसाव्या शतकाचे हिशेब मांडले जात होते तेव्हा असोसिएटेड प्रेसने शतकातील सर्वोत्तम मुष्टियोद्धा म्हणून रॉबिन्सनची निवड केली आणि मुहम्मद अलीला हेवीवेट गटातील सर्वोत्तम ठरविले. त्याच वर्षी बीबीसी आणि ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ ह्यांनी शतकातील सर्वश्रेष्ठ क्रीडापटू म्हणून अलीचे नाव पुढे केले. खेळाच्या आतील कसोटीने रॉबिन्सन, बाहेरच्या कसोटीने अली. वाटणी इतकी नीटस आहे, की तिच्याविषयी संशयच यावा.

आधी रॉबिन्सनची बाजू. १९२१ मध्ये जॉर्जिया राज्यात वॉकर स्मिथ ह्या नावाने जन्मलेला हा योद्धा पंचवीस वर्षे लढला. १९५१ च्या जुलैमध्ये लंडनला रँडॉल्फ टर्पिनकडून हरण्यापूर्वी त्याच्या नावावर १२८ विजय, २ बरोबरी आणि केवळ १ पराभव होता. तो पराभव १९४३ मध्ये जेक लामोटाने केला होता. ह्या दोघांच्या एकूण सहा लढतींपैकी उरलेल्या पाच रॉबिन्सनने जिंकल्या. वेल्टरवेट गटाचे विजेतेपद त्याने मिळविले आणि मिडलवेट गटाचे पाच वेळा मिळविले. जाणकार जे सांगतात ते आकड्यांपलीकडचे आहे. मागे सरकत असतानाही कोणत्याही हाताने प्रतिस्पर्ध्याला आडवे करण्याची ताकद, ठोशांच्या मालिकेतील लय, अंतराची अचूक जाण. ह्या खेळाचे व्याकरण एका शरीरात पाहायचे तर ते येथे, असा त्यांचा सूर असतो.

आता एक विलक्षण गोष्ट लक्षात घ्यावी लागते. रॉबिन्सन ज्या वर्षांत सर्वोत्तम होता असे सारे मानतात, त्या वेल्टरवेट गटातील वर्षांतल्या त्याच्या बहुसंख्य लढतींचे चित्रीकरण उपलब्ध नाही. जे आहे ते प्रामुख्याने नंतरच्या, मिडलवेट गटातील रॉबिन्सनचे. १ मे १९५७ रोजी शिकागोत पाचव्या फेरीत डाव्या हाताच्या एका आखूड फटक्याने त्याने जीन फुलमरला खाली पाडले. आदर्श ठोसा म्हणून आजही तो दाखविला जातो. त्या दिवशी रॉबिन्सनला छत्तिसावे वर्ष पूर्ण व्हायला दोन दिवस उरले होते. म्हणजे आपण पाहतो तो उतरणीला लागलेला रॉबिन्सन, आणि त्यावरून चढत्या रॉबिन्सनचे अनुमान करतो. भग्न शिल्पावरून मूळ मंदिराची उंची सांगावी तसे हे आहे. आणि स्कोर्सेसीच्या ‘रेजिंग बुल’ (१९८०) मुळे अनेकांच्या मनात जो रॉबिन्सन ठसला आहे तो तर लामोटाच्या कथेतील दुय्यम पात्र आहे.

तेव्हा खेळाच्या आतील कसोटी म्हणून जी मिरवली जाते ती प्रत्यक्षात साक्षीवर अवलंबून आहे. पाहणाऱ्यांनी सांगितले, म्हणून आपण मानतो. शब्दप्रमाणच ते. त्यात गैर काही नाही. परंतु शब्दप्रमाणाचे काय होते ह्याचा एक मासला विली पेपच्या आख्यायिकेत सापडतो. १९४६ मध्ये मिनिआपोलिस येथे जॅकी ग्रेव्ह्‌जविरुद्धच्या लढतीतील तिसरी फेरी पेपने एकही ठोसा न मारता, केवळ चुकवाचुकवी करून जिंकली, असे दशकानुदशके सांगितले गेले. बचावाच्या कलेचा हा परमोच्च दाखला. त्या वेळच्या वृत्तपत्रांतील वृत्तांत मात्र त्या फेरीचे वर्णन वेगळेच करतात. त्यांत ठोशांची देवघेव आहे. आख्यायिका खोटी असेल, पण पेप कसा लढत असे हे ती खोटे सांगत नाही, असेही कोणी म्हणेल. संतचरित्रांतील चमत्कारांविषयी आपल्याकडे हाच युक्तिवाद केला जातो.

साहित्याशी केलेली तुलना रॉबिन्सनपाशी एका ठिकाणी मोडून पडते, आणि ती मोडते हे लपविण्यात अर्थ नाही. २४ जून १९४७ रोजी क्लीव्हलँड येथे जिमी डॉइलविरुद्ध त्याची लढत होती. लढतीपूर्वी आपल्या हातून डॉइल मरतो असे स्वप्न त्याला पडले. तो लढायला तयार होईना. धर्मोपदेशकांनी त्याची समजूत घातली. आठव्या फेरीत रॉबिन्सनच्या डाव्या हाताच्या फटक्याने डॉइल कोसळला आणि नंतर मरण पावला. चौकशीत त्याला विचारले गेले, की डॉइलला संकटात टाकण्याचा तुझा हेतू होता काय. त्याने उत्तर दिले ते असे, की माणसाला संकटात टाकणे हाच माझा व्यवसाय आहे. ह्या उत्तरात उद्धटपणा नाही. व्याख्येचा नेमकेपणा आहे. पुढे त्याने डॉइलच्या आईच्या निर्वाहाची तरतूद केली. शैली, लय, व्याकरण ही समीक्षेची भाषा ह्या खेळाला लावताना त्या शैलीचा परिणाम दुसऱ्याच्या मेंदूवर होत असतो, हे विसरता येत नाही. एका कवीच्या हातून दुसरा कवी मरत नाही.

अलीचे प्रकरण उलट दिशेने सुरू होते. त्याच्याबाबत चित्रफितींचा तुटवडा नाही. झालाच तर अतिरेक आहे. ‘मीच सर्वश्रेष्ठ’ अशा नावाची ध्वनिमुद्रिका त्याने १९६३ मध्ये काढली, म्हणजे लिस्टनला हरवून जगज्जेता होण्याच्या आधी. ऑस्टिनच्या परिभाषेत बोलायचे तर हे विधान वर्णनपर नसून कृतिपर होते. ते उच्चारल्याने काहीतरी घडायचे होते. रोलाँ बार्थने १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये व्यावसायिक कुस्ती आणि मुष्टियुद्ध ह्यांच्यात भेद केला आहे. मुष्टियुद्ध हे प्रेक्षकांसमोर हळूहळू रचले जाणारे, शेवटाकडे डोळे लावून पाहायचे कथन. कुस्तीच्या त्या तमाशात मात्र प्रत्येक क्षण जिथल्या तिथे वाचता येतो. अलीने १९६१ मध्ये लास व्हेगास येथे गॉर्जस जॉर्ज ह्या नटव्या कुस्तीगिराला पाहिले आणि त्याच्याकडून बढाईची कला उचलली. बार्थने जे दोन प्रकार वेगळे ठेवले ते अलीने एकत्र आणले. हे त्याचे खरे वाङ्मयीन कर्तृत्व, असे म्हणता येईल. त्याच्या यमकांचे कौतुक थोडे अधिकच झाले आहे.

आतील कसोटी लावली तर तरुण अली सदोष ठरतो. हात खाली ठेवणे, ठोसा चुकविण्यासाठी सरळ मागे झुकणे, शरीरावर जवळपास न मारणे, हे सारे कोणताही प्रशिक्षक खोडून काढील. हे दोष त्याच्या गतीने झाकले. १९६७ मध्ये त्याने व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास नकार दिला, विजेतेपद गेले, साडेतीन वर्षे गेली. १९७१ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली तोवर ती गतीही कमी झाली होती. ज्या लढतींमुळे तो थोर मानला जातो त्या ह्यानंतरच्या आहेत. १९७४ मध्ये किन्शासा येथे दोरांना टेकून त्याने फोरमनचे ठोसे अंगावर घेतले आणि आठव्या फेरीत त्याला पाडले. १९७५ मध्ये मनिला येथे फ्रेझरबरोबर चौदा फेऱ्या एकमेकांना झोडपून काढले. येथे कौशल्य हे मार देण्यापेक्षा मार सोसण्याचे आहे. १९८४ मध्ये त्याच्या कंपवाताचे निदान झाले. २०१६ मध्ये तो गेला. त्याच्या आजाराचे नेमके कारण वैद्यकाने ठरवावे. वाचकाला एवढेच दिसते, की त्याच्या थोरवीचे प्रसंग आणि त्याच्या शरीराने मोजलेली किंमत ही एकाच पानांवर लिहिलेली आहेत.

नॅट फ्लायशर ह्या नावाला मुष्टियुद्धाच्या समीक्षेत मोठा अधिकार आहे. ‘द रिंग’ हे मासिक त्याने १९२२ मध्ये सुरू केले आणि क्रमवारीची प्रथा रुजवली. १९७२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने आपल्या हेवीवेट यादीतील पहिल्या दहांत अलीला घेतले नाही. त्याच्या मते पहिला होता जॅक जॉन्सन. फ्लायशरच्या ह्या हटवादाला हसणे सोपे आहे. पण त्याने जॉन्सनला पाहिले होते. त्याच्यावर हसणाऱ्यांनी पाहिलेले नाही. तरुणपणी वाचलेल्या कवीला म्हातारपणीही सर्वोच्च मानणारे समीक्षक प्रत्येक भाषेत असतात, आणि ते नेहमीच चुकतात असे नाही. त्याच मासिकाने २००२ मध्ये गेल्या ऐंशी वर्षांतील ऐंशी योद्ध्यांची यादी केली तेव्हा रॉबिन्सन पहिला, हेन्री आर्मस्ट्राँग दुसरा आणि अली तिसरा आला. यादी गेल्या ऐंशी वर्षांची का? मासिकाचे वय तेवढे म्हणून. गणना करणाऱ्याच्या जन्मापासूनच काळ सुरू होतो.

आकड्यांचा आधार घेऊन ह्या गुंत्यातून सुटता येईल काय? रॉकी मार्सियानो ४९ लढती जिंकून अपराजित निवृत्त झाला, फ्लॉइड मेवेदर ५०. मेवेदरने २०१५ मध्ये स्वतःला रॉबिन्सन आणि अली ह्यांच्या वर बसविले होते. त्याची पन्नासावी लढत २०१७ मध्ये ज्याच्याशी झाली त्याची व्यावसायिक मुष्टियुद्धातील ती पहिलीच होती. शून्य पराभव हा आकडा जपायचा म्हटला की प्रतिस्पर्धी निवडावा लागतो. ह्याहून अधिक त्याविषयी बोलण्याची गरज नाही.

यंत्रालाही विचारून झाले. १९६७ मध्ये मरी वोरोनर ह्या निर्मात्याने योद्ध्यांची माहिती संगणकाला पुरवून नभोवाणीवर सर्वकालीन हेवीवेट स्पर्धा घडवून आणली. मार्सियानो विजयी ठरला. अली उपांत्यपूर्व फेरीत जेम्स जेफ्रीजकडून हरला. काळ्या योद्ध्याशी विजेतेपदासाठी लढायला नकार देणारा आणि १९१० मध्ये गोऱ्या वंशाची आशा म्हणून निवृत्तीतून परत आणला गेलेला तो हाच जेफ्रीज. अलीने बदनामीचा दावा लावला. तडजोडीतून मार्सियानो आणि अली ह्यांच्या काल्पनिक लढतीचा चित्रपट निघाला. १९६९ मध्ये दोघांनी शेवटाच्या अनेक शक्यता अभिनीत केल्या. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला विमान अपघातात मार्सियानो गेला, आणि १९७० च्या जानेवारीत चित्रपट प्रदर्शित झाला. अमेरिकेत दाखविलेल्या प्रतीत मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकतो; ब्रिटनमध्ये दाखविलेल्या प्रतीत जखमांमुळे लढत थांबते आणि अली जिंकतो. वाचकानुसार अर्थ बदलतो, हा सिद्धांत इतक्या रोखठोकपणे क्वचितच कोणी अमलात आणला असेल.

आतली कसोटी आणि बाहेरची कसोटी ही वाटणी संशयास्पद का, ह्याचे उत्तर ह्या खेळाच्या दफ्तरखान्यात आहे. १९०८ मध्ये सिडनी येथे टॉमी बर्न्सला हरवून जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला. ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे त्याने जेफ्रीजला हरविले, त्यानंतर अमेरिकेतील अनेक शहरांत दंगली उसळल्या, माणसे मारली गेली, आणि त्या लढतीच्या चित्रफितीवर ठिकठिकाणी बंदी आली. १९१२ मध्ये काँग्रेसने मुष्टियुद्धाच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्यात नेण्यावरच बंदी घालणारा कायदा केला. तो १९४० पर्यंत टिकला. चित्रफिती निघत राहिल्या, चोरून दाखविल्याही गेल्या. पण ज्याची वाहतूक गुन्हा ठरते ते काढण्यात आणि जपून ठेवण्यात कोणाला किती रस राहणार? एका काळ्या माणसाने गोऱ्या माणसाला पाडल्याचे दृश्य लोकांनी पाहू नये, ह्या भावनेला कायद्याचे रूप आले, आणि त्याची झळ पुढील अठ्ठावीस वर्षांतील सर्वांच्या पुराव्याला लागली.

हॅरी ग्रेब हा गोरा होता. तरी त्याचे उदाहरण येथे घेण्याजोगे आहे. पिट्सबर्गचा हा मिडलवेट योद्धा १९१३ ते १९२६ ह्या काळात सुमारे ३०० लढती लढला. त्यांपैकी ४५ एकट्या १९१९ मध्ये. जीन टनीच्या कारकिर्दीतील एकमेव पराभव २३ मे १९२२ रोजी त्याने केला. पुढे डेम्प्सीला दोनदा हरविणारा तो हाच टनी. कारकिर्दीच्या उत्तरार्धात ग्रेबचा एक डोळा गेलेला होता आणि त्याने ते लपवून ठेवले होते. त्याच्या एकाही लढतीची चित्रफीत आज उपलब्ध नाही; आहे ती केवळ सरावाची काही दृश्ये. शिवाय त्याच्या निम्म्याहून अधिक लढतींना अधिकृत निकालच नाही. न्यूयॉर्कमध्ये १९११ ते १९१७ पर्यंतच्या कायद्याने, आणि इतर अनेक राज्यांतही, गुणांवर विजेता जाहीर करण्यास मनाई होती. प्रतिस्पर्धी आडवा झाला नाही तर निकाल नाही. दुसऱ्या दिवशी वार्ताहर आपापल्या वृत्तपत्रांत कोण सरस होता ते लिहीत आणि पैजा लावणारे त्यावरून हिशेब मिटवीत. ‘वृत्तपत्री निकाल’ ह्या नावाने ते आजही नोंदवहीत वेगळे दाखविले जातात. म्हणजे खेळाच्या मुळाशीच वाचन आहे. ग्रेबची महात्मता ही समीक्षकांनी लिहिलेली, मूळ संहिता नष्ट झालेली टीका आहे.

आणि ज्यांना रिंगणातच येऊ दिले नाही त्यांचे काय? सॅम लँगफर्ड हा कॅनडातील नोव्हा स्कोशियाचा, जेमतेम साडेपाच फुटांच्या वर उंचीचा कृष्णवर्णीय योद्धा. लाइटवेटपासून हेवीवेटपर्यंत सर्व गटांत तो लढला. १९०३ मध्ये तेव्हाचा लाइटवेट जगज्जेता जो गॅन्स ह्याला त्याने हरविले, पण ती लढत विजेतेपदासाठी नव्हती. १९०६ मध्ये जॅक जॉन्सनने त्याला पंधरा फेऱ्यांत हरविले. जगज्जेता झाल्यावर मात्र त्याने लँगफर्डला पुन्हा संधी दिली नाही. सात वर्षांच्या कारकिर्दीत जॉन्सनने विजेतेपदासाठी एकाच काळ्या योद्ध्याशी लढत दिली, तीही पॅरिसमध्ये आणि तो लँगफर्ड नव्हता. वर्णरेषेने ज्याला अडविले त्याने ती ओलांडताच मागे पुन्हा आखली. काळ्यांच्या लढतीला प्रेक्षक आणि पैसा मिळत नाही, हा त्यामागचा व्यवहार. मराठी वाचकाला ह्याचे फार नवल वाटू नये. उतरंडीतील प्रत्येक पायरी खालच्या पायरीशी कशी वागते, हे आपल्या समाजशास्त्राने पुरेसे सांगितले आहे. लँगफर्ड मग आपल्यासारख्याच अडविलेल्यांशी पुन्हा पुन्हा लढत राहिला. हॅरी विल्सशी तर डझनाहून अधिक वेळा. लढता लढता त्याची दृष्टी गेली. जॅक डेम्प्सीने पुढे कबूल केले, की ह्या एका माणसाशी लढायला आपण घाबरत होतो. ‘द रिंग’ने २००३ मध्ये जबर ठोसेबाजांची यादी केली तेव्हा लँगफर्ड तीत दुसरा होता, १९२२ पासून मोजणाऱ्या आदल्या वर्षीच्या यादीच्या काळचौकटीत मात्र त्याच्या ऐन उमेदीची वर्षे बसत नव्हती.

हीच गोष्ट पुढच्या पिढीत चार्ली बर्लीच्या वाट्याला आली. १९४४ मध्ये त्याने आर्ची मूरला स्पष्टपणे हरविले. आपण ज्यांच्याशी लढलो त्यांत बर्ली सर्वोत्तम, असे मूर पुढे सांगत असे. बर्लीला जगज्जेतेपदासाठी एकही लढत मिळाली नाही. तो पिट्सबर्ग नगरपालिकेच्या कचरागाडीवर कामाला लागला. ऑगस्ट विल्सनच्या ‘फेन्सेस’ (१९८५) ह्या नाटकातील कचरागाडीवर काम करणारा, खेळातील संधी रंगामुळे हुकलेला नायक ज्यांनी पाहिला किंवा वाचला आहे, त्यांना बर्लीचा त्या पात्राशी जोडला जाणारा संबंध सहज पटेल. आणि बर्लीच्या नोंदवहीत एक नाव नाही: रॉबिन्सनचे. दोघे एकाच काळात, जवळपास एकाच वजनात लढत होते. समोरासमोर कधी आले नाहीत. रॉबिन्सनच्या १२८ विजयांची बेरीज करताना ही न झालेली लढत कोणत्या रकान्यात मांडायची, हे कोणतीच नोंदवही सांगत नाही.

अनुपस्थितांची यादी येथे संपत नाही. क्यूबाने १९६० च्या दशकाच्या आरंभी व्यावसायिक मुष्टियुद्ध बंद केले, म्हणून ऑलिंपिकमध्ये १९७२, १९७६ आणि १९८० अशी तीन सुवर्णपदके मिळविणाऱ्या तेओफिलो स्टीव्हन्सनचे नाव ह्या वादात क्वचितच निघते. स्त्रियांचे मुष्टियुद्ध ऑलिंपिकमध्ये आले ते २०१२ मध्ये. सहा वेळा जागतिक विजेती ठरलेल्या मेरी कोमचा विचार ‘सर्वकाळ’ म्हणणाऱ्यांच्या मनाला शिवतही नाही. ‘सर्वकाळ’ म्हणजे बहुधा एक शतक, एक देश आणि एक भाषा.

असे असता ह्या वादालाच निकालात काढावे, हा मोह होतो. गेल्या काही दशकांत साहित्यातील अभिजातांच्या याद्यांबाबत अनेकांनी तोच मार्ग पत्करला: यादी म्हणजे सत्ता, म्हणून यादी नको. हा मार्ग सोयीचा आहे, पण त्याने लँगफर्डचे काहीच भले होत नाही. श्रेष्ठत्वाचा प्रश्नच गैरलागू ठरविला तर त्याच्यावर अन्याय झाला हे म्हणण्याचा आधारही जातो. जो श्रेष्ठ असू शकत होता त्यालाच अडविले गेले, ह्यातच त्या अन्यायाचे मर्म आहे. तेव्हा निवाडा करावा लागतो. करंगळीवर रॉबिन्सनचे नाव ठेवावे असाच कौल साक्षीपुराव्यावरून द्यावासा वाटतो. त्याला एक प्रतिपक्षाची साक्षही आहे. १९६० मध्ये रोमच्या ऑलिंपिकला जाण्यापूर्वी अठरा वर्षांचा कॅशियस क्ले हार्लेममध्ये रॉबिन्सनच्या दुकानाबाहेर त्याची वाट पाहत थांबला होता. रॉबिन्सनने त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. पुढे मुहम्मद अली होऊन जगाला स्वतःची थोरवी ऐकविणाऱ्या त्या माणसाने रॉबिन्सनला मात्र अखेरपर्यंत आपला राजा आणि आपला आदर्श मानले. परंतु पुढच्या बोटावर अलीला घाईने बसवू नये. ते बोट रिकामे ठेवावे. तोडीचा कोणी नव्हता म्हणून नव्हे, तर कोण होता ते पाहू दिले गेले नाही म्हणून.

१९४४ मध्ये न्यूयॉर्क ‘हेरल्ड ट्रिब्यून’चा वार्ताहर अल लेनी हार्लेममध्ये लँगफर्डचा शोध घेत होता. तो केव्हाच वारला, असे त्याला अनेकांनी सांगितले. अखेर एका खोलीत तो सापडला: आंधळा, कफल्लक, आणि लेनीच्या वृत्तांतानुसार हसतमुख. लेख प्रसिद्ध झाल्यावर वाचकांनी निधी जमविला आणि १९५६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याचे त्यावर भागले. रॉबिन्सनचा निरोपसमारंभ १० डिसेंबर १९६५ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाला. टर्पिन, फुलमर, बॅसिलिओ आणि ओल्सन हे त्याचे जुने प्रतिस्पर्धी रिंगणात आले होते. त्याला एक प्रचंड करंडक देण्यात आला. तोवर मिळविलेले लाखो डॉलर खर्च होऊन गेले होते, आणि मॅनहॅटनमधील त्याच्या लहानशा घरात त्या करंडकाचे वजन पेलेल असे एकही टेबल नव्हते.